वर येणाऱ्याला आधी

एरवी रस्त्याकडेलाच थांबणारा कंपनीचा पांढरा ट्रक पहिल्यांदाच अंगणात येऊन उभा राहिला आणि जेवणारे सगळे ताटावरून उठून बघायला गेले. खरकट्या हातानं. माझ्या खानावळीत ताटावरून उठलेलं मला खपत नाही, पण त्या दिवशी मीसुद्धा तव्यावरची भाकरी तशीच सोडून दारात आले.

बघण्यासारखं काही नव्हतं. धुतल्या तांदळासारखा ट्रक. पुढं लिंबू-मिरची नाही, मागं मोर नाही, वाघ नाही, आईचा आशीर्वाद नाही. कपाळावर आणि दोन्ही कानांशी काळ्या काचा बसवलेल्या, डोळ्यांसारख्या. आत स्टिअरिंग होतं, बसायला जागा होती. म्हणजे माणूस अगदीच नको असं अजून झालं नव्हतं. माणसानं बसायचं, पण हात मांडीवर ठेवून. नव्या नवरीसारखं.

तो मांडीवर हात ठेवून बसणारा माणूस म्हणजे माझा मुलगा, जालिंदर.

"आक्का," गर्जे तात्या म्हणाला, "याला लिंबू-मिरची कुठं बांधायची गं?"

"तुझ्या गळ्यात. ताट गार होतंय."

हसले सगळे, पण दात न दाखवता. गर्जे तात्या आमच्याच पाथर्डीकडचा, माझ्या मालकांबरोबर, म्हणजे जालिंदरच्या बापाबरोबर, गाडी चालवलेला. त्याच्या शेजारी मालेगावचे मुनीरभाई उभे होते, कमरेला पट्टा बांधून. बाकीचे यायचे-जायचे, पण हे दोघे घाट चढले की माझ्याकडेच टेकायचे. आमची खानावळ घाटाच्या माथ्यावर. वर आलेला दम खायला थांबतो आणि खाली जाणारा देवाचं नाव घ्यायला.

"पोलिसानं हात केला तर खाली कोण उतरणार?" तात्यानं विचारलं.

"म्हणून तर पहिला विरोध पोलिसांचाच होणार बघ," मुनीरभाई म्हणाले.

"हसा. हसा तुम्ही. अरे, याला पोरंबाळं नाहीत, म्हणून हे भिणार नाही. न भिणारे ड्रायव्हर मी लई बघितलेत. सगळ्यांचे फोटो भिंतीवर हार घालून आहेत."

"तात्या, मला विचारशील तर येऊ दे त्याला," मुनीरभाई म्हणाले. "मणका गेला. साखर झाली. बायकोचं तोंड ईदला बघतो, पोरं मला मेहमान समजतात. माझ्या पोरानं हे स्टिअरिंग धरू नये एवढंच मागतो मी."

"तुझं झालं म्हणून बोलतोस. माझ्या दोन पोरी उजवायच्यात. मी काय करू? हातात पाटी घेऊन उभा राहू, 'माणूस ड्रायव्हर, स्वस्तात मिळेल' म्हणून?"

मुनीरभाईंनी कमरेचा पट्टा सैल करून पुन्हा आवळला. दोघंही दमले होते आणि दोघंही खरं बोलत होते. तसल्या भांडणात कुणी जिंकत नाही.

जालिंदर केबिनमधून उतरला तसे सगळे पुन्हा आपापल्या ताटाकडे वळले. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. दिवाळीपासून हे असंच चाललं होतं. तेव्हा कंपनीनं त्याला घेतलं, घाटात त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही म्हणून. तो रोज घाट चढायचा, उतरायचा, आणि ते डोळे बसवलेलं यंत्र त्याच्याकडे बघून शिकायचं. तेव्हापासून ड्रायव्हर लोकांनी त्याच्या पंक्तीला बसणं सोडलं. तो आत चुलीपाशी येऊन जेवायचा, माझ्यासमोर, मान खाली घालून. आधीच्या गाडीमालकानं त्याची गाडी दुसऱ्याला दिली होती. म्हणजे मागची दोरी कापलेली आणि पुढची अजून हातात आलेली नाही.

ती हातात येणार होती त्या दुपारी. कंपनीचे मोठे साहेब खाली नाक्यावर येऊन उभे राहणार होते. ट्रकनं माथ्यापासून पायथ्यापर्यंत माणसाचा हात न लागता उतरायचं. उतरला तर जालिंदरला पायथ्याच्या डेपोत कायमचं काम. गाड्या तपासायच्या, धाडायच्या, संध्याकाळी घरी. नाही उतरला तर कंपनी दुसरा घाट बघणार होती आणि दुसरा ड्रायव्हर.

मला विचाराल तर मला ते काम हवं होतं. लोक काय म्हणतात ते मी आयुष्यात कधी मोजलं नाही. मी एका ड्रायव्हरशी संसार केला आणि दुसऱ्याला जन्म दिला. वाट बघून बघून माझी मान कायमची रस्त्याकडे वळून बसली होती. पण ते बोलून दाखवायचा माझा स्वभाव नाही. तात्या म्हणायचा, "आक्का, तुझा पोरगा आपल्याच हातानं आपली तिरडी बांधतोय." मी म्हणायची, "बांधू दे, तुला खांदा द्यायला बोलावणार नाही." आणि आत जाऊन पीठ मळायची.

जालिंदरच्या मागून कंपनीची पोरगी उतरली. ऋजुता तिचं नाव. यंत्राचं सगळं तीच बघायची. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. ती थेट चुलीपाशी आली.

"आक्का, चहा द्याल? आणि एक विचारू?"

"चहा देते. विचार."

"खाली चिंचेच्या वळणावर काही आहे का? देऊळ, समाधी, पाण्याची जागा? रस्ता खचतो का तिथं?"

माझा हात पातेल्यावर थांबला. "का?"

"ट्रक तिथं थांबतो. सगळा घाट नीट उतरतो आणि तिथं आपोआप डावीकडे दबून उभा राहतो. पुढं कुणी नसतं. थोडा वेळ थांबतो आणि निघतो. आठवडाभर शोधतेय मी. जालिंदरभाऊंना विचारलं तर म्हणतात, मला काय माहीत. दुपारी साहेबांसमोर असा थांबला तर ते म्हणतील, बिघाड आहे. आणि सगळं मुसळ केरात."

"तिथं काही नाही," मी म्हणाले. "चिंच आहे."

खोटं नव्हतं ते. चिंचच आहे. तिच्या खालच्या दरीत माझे मालक गेले, हे त्या पोरीला सांगून तिचं यंत्र काही दुरुस्त होणार नव्हतं. माल भरून वर येत होते. वरून उतरणाऱ्यानं वाट दिली नाही, तसाच अंगावर आला. मालकांनी चढावर ब्रेक मारला, आणि चढावर थांबलेली भरली गाडी मागं सरकली की सरकलीच.

तेव्हापासून आमच्या लाइनीतला प्रत्येक ड्रायव्हर त्या वळणावर एक लांब हॉर्न देतो. कुणी ठरवलं नाही, आपोआप पडलं. तो आवाज माथ्यावर येतो. मी भाकरी थापता थापता ऐकते आणि कुणाचा ते ओळखते. मुनीरभाईंचा घसा बसल्यासारखा, तात्याचा बोकड कापल्यासारखा. एक ऐकू आला की मनात म्हणते, चला, आठवण आहे.

जालिंदरचा कधी आला नाही. एकदाही नाही. त्याची गाडी माथ्यावरून निघाली की मी हातातलं काम थांबवून ऐकायची. वळण यायचं, जायचं. काही नाही. कारण मला ठाऊक होतं, किंवा ठाऊक आहे असं मी धरून चालले होते. मालक जायच्या आठवडाभर आधी त्यांनी याच अंगणात जालिंदरच्या थोबाडीत मारली होती, सगळ्या ड्रायव्हरांसमोर. जालिंदरनं उतरताना एका वर येणाऱ्या गाडीला वाट दिली नाही, एवढंच कारण. "वर येणाऱ्याला आधी!" मालक ओरडले होते. "त्याच्या पाठीवर ओझं असतंय. तुला काय, तू घसरत चाललायस." पोरगा तेव्हा लग्नाचा झाला होता. त्यानंतर बापाशी एक शब्द बोलला नाही, आणि मग बोलायला बाप राहिला नाही. मी समजले, याच्या मनातली ती अढी बापाच्या मरणानंही गेली नाही. तेही मी बोलून दाखवलं नाही. पण माया केली ती राखून केली.

आता ही पोरगी सांगत होती, ट्रक तिथं थांबतो.

मी चुलीतली लाकडं मागं सारली, हात धुतले, पदर खोचला.

"चल," मी म्हणाले. "मी येते बसायला."

"कुठं?"

"त्या तुझ्या डबड्यात. बघते तिथं काय आहे ते."

जालिंदर भाकरी खात होता. त्यानं मान वर केली. "आई, तू कशाला?"

"का? यंत्राला माझं ओझं होतंय का?"

"तसं नाही. घाटातून जाताना तू डोळ्यांवर पदर घेतीस. मी काय बघितलं नाही व्हय?"

"आज नाही घेत. उठ."

अंगणातून जाताना तात्या म्हणाला, "आक्का, तूसुद्धा गेलीस का त्यांच्यात?"

"जेवण झालं असंल तर ताट धुवायला टाक," मी म्हणाले. "तेवढं तरी यंत्राच्या आधी शिक."

केबिन उंच होतं. जालिंदरनं हात दिला, मी घेतला नाही, गुडघ्यावर हात टेकून चढले. मधे मी, पलीकडे ऋजुता मांडीवर तिची काचेची, बोटानं चालणारी पाटी घेऊन, अलीकडे जालिंदर. त्यानं एक बटण दाबलं आणि हात खरंच मांडीवर ठेवले.

ट्रक निघाला.

मी लबाड बोलणार नाही. पहिल्या उतारावर मी सीटची कड धरून बसले. ते स्टिअरिंग आपलं आपण फिरत होतं, भूत बसल्यासारखं. पण दुसऱ्या वळणावर माझ्या ध्यानात काही आलं आणि भीती गेली. वळण यायच्या आधीच गाडी धीमी होत होती, ब्रेक न चरकवता. वळणाच्या पोटात शिरताना थोडी बाहेर राहायची, मग हलकेच आत. खड्डा चुकवताना आधी जरा थबकायची, जसं काही मनाशी म्हणतेय, बघू. मी जालिंदरच्या शेजारी कितीदा बसले असेन. ही त्याचीच गाडी होती. आणि त्याच्या मागं, अजून जुनी, मालकांची. तेच थबकणं. मी वळून पोराकडे बघितलं. तो खिडकीतून बाहेर बघत होता.

"बरं चालवतंय," मी म्हणाले.

"हं."

"गिअर जरा लवकर टाकतंय."

"मी पण लवकरच टाकतो."

ऋजुता तिच्या पाटीतून वर न बघता म्हणाली, "आता येईल बघा वळण."

चिंच दिसली. मी पदराला हात घातला आणि काढून घेतला.

ट्रक धीमा झाला. डावीकडे दबला, अगदी डोंगराच्या कडेला, जितकं दबता येतं तितका. दरीकडची अर्धी वाट मोकळी सोडली. आणि उभा राहिला. मग पुढचे दिवे एकदा लागले आणि मालवले. भर उन्हात. डिपर दिला त्यानं, समोरच्याला 'ये' म्हणतात तसा.

समोर रस्ता रिकामा होता. चिंचेची सावली हलत होती, बाकी काही नाही. आम्ही तिघं तसेच बसलो. कुणी येत नव्हतं. ट्रक थांबला होता, एखादी गाडी चढ चढून शेजारून निघून जायला जेवढा वेळ लागतो तेवढा.

"हे," ऋजुता म्हणाली. "हेच. आणि डिपरसुद्धा. कुणाला?"

मी जालिंदरला विचारलं, "कुणाला दिला रं डिपर?"

तो खिडकीकडे वळला.

"जालू, मी विचारतेय."

"वर येणाऱ्याला."

"कोण येतंय वर?"

तो बाहेरच बघत होता. कानशिलं लाल झाली होती, लहानपणी ताप आला की व्हायची तशी. "कुणी नाही," तो म्हणाला. "आलं तर वाट असावी म्हणून."

ट्रक आपला आपण निघायला लागला. जालिंदरनं पायानं ब्रेक दाबला आणि तो पुन्हा उभा राहिला.

"दर खेपेला?" मी विचारलं.

"दर खेपेला."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच की."

म्हणजे मी शेजारी असायची तेव्हाही थांबायचा, आणि पदराआड मी समजायची, समोरून गाडी आली.

ऋजुतानं पाटी बंद केली.

"सगळे हॉर्न देतात," मी म्हणाले. "तू कधी दिला नाहीस."

"आबांना हॉर्नचा राग होता, आई. घाटात बोंबलू नये म्हणायचे. तुला माहीत नाही का?"

माहीत होतं. माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? लग्नात वाजंत्री वाजली म्हणून तोंड वाकडं करणारा माणूस तो. आणि मी तव्यापाशी बसून इतकी वर्षं हॉर्न मोजत होते.

मी माफी वगैरे मागितली नाही. मला ते जमत नाही. मी त्याच्या शर्टाच्या बाहीवर भाकरीचं पीठ लागलं होतं ते झटकलं. ते जाईना. पुन्हा झटकलं.

थोड्या वेळानं ऋजुता हळू म्हणाली, "आक्का, दुपारपर्यंत वेळ आहे. हे मला काढता येतं. हे शिकू नको, असं त्याला सांगता येतं. पण भाऊ नको म्हणाले तर मी हात लावणार नाही. साहेबांना काहीतरी सांगेन."

"काय सांगशील?"

"ते मलाही माहीत नाही."

जालिंदर म्हणाला, "राहू द्या मॅडम. नापास तर नापास."

आता कळलं, आठवडाभर 'मला काय माहीत' का म्हणत होता. काम गेलं तरी 'हे काढा' असं त्याच्या तोंडून निघत नव्हतं, आणि कशासाठी आहे तेही निघत नव्हतं. बापाचाच मुलगा. ओझं पाठीवर घेऊन चढायचं, पण कुणाला सांगायचं नाही.

"काढ गं," मी म्हणाले.

"आई..."

"तू थांब." मी त्या पोरीकडे वळले. "घाट घ्या सगळा. गिअर घ्या, ब्रेक घ्या, वळणं घ्या. ते त्याचं कसब आहे, त्यानं विकलं, तुम्ही घेतलं. हे विकायला ठेवलेलं नाही. हे तुमच्या यंत्राला माझ्या पोरानं दिलेलं नाही, यंत्रानंच बघून उचललंय. ते परत कर."

ऋजुतानं होकारार्थी मान हलवली.

जालिंदरनं बटण दाबलं. हात मांडीवरून उचलून स्टिअरिंगवर ठेवले आणि पायथ्यापर्यंत ट्रक स्वतः नेला. मी सबंध रस्ता डोळे उघडे ठेवून बघितला.

मला माथ्यावर परत आणून सोडून दोघं ट्रकपाशी बसले, तिची पाटी उघडून. दुपारी तोच ट्रक पुन्हा निघाला. मी अंगणात उभी राहिले, तात्या आणि मुनीरभाईही. माथ्यावरून वळणाचा एक तुकडा दिसतो. पांढरा ट्रक तिथं आला, आणि न थांबता गेला. पाण्यासारखा.

"गेला," मुनीरभाई म्हणाले.

"गेला," तात्या म्हणाला. तो भांडेल असं वाटलं होतं मला. पण तो फक्त बाजेवर बसला आणि चपला काढून पाय चोळत राहिला. "आक्का, चहा असंल तर टाक. साखर जास्त."

मी टाकला. पैसे घेतले नाहीत. त्यानंही विचारलं नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तात्यानं गाडी सोडली, पाथर्डीला जावयाच्या दुकानात बसतो. मुनीरभाई गेले. त्यांच्या पोरानं स्टिअरिंग धरलं नाही, तेवढं त्यांच्या मनासारखं झालं. माझ्या तीन चुलींतली एक पेटते. बिनमाणसाच्या गाड्यांना भूक नसते आणि दमही लागत नाही. दिवसाकाठी वळणावरून एखादा हॉर्न येतो, तोही जुन्या माणसाचा.

जालिंदर डेपोत लागला तो लागलाच. संध्याकाळी घरी असतो. दाराकडे बघायची माझी सवय मात्र गेली नाही. तो घरात बसलेला असताना मी रस्त्याकडे बघते.

गेल्या उन्हाळ्यात मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन तो त्याच्या जीपमधून परत आणत होता. चढ चढत होतो. चिंचेच्या वळणावर समोरून एक ट्रक आला, कंपनीचाच, पांढरा. आम्हाला बघून धीमा झाला. डावीकडे दबला. थांबला. दिवे एकदा लागले आणि मालवले.

खरोखर कुणी वर येत असलं तर थांबतो तो. तेवढं त्याच्यात ठेवलंय.

जालिंदरनं जीप शेजारून काढली आणि काढता काढता हात वर केला, ड्रायव्हर ड्रायव्हरला करतो तसा. मी वर बघितलं. काचेमागं सीट रिकामी होती.

"कुणाला हात करतोस रं?" मी म्हणाले. "आत कोण बसलंय?"

त्यानं गिअर टाकला. जरा लवकरच.

"मीच की, आई."

मी एका डोळ्यावरची डॉक्टरची पट्टी सावरली, खिडकीतून मागं वळले, आणि हात वर केला.